गाढवाचा हिशेब कोण मांडणार?

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात धंद्याच्या गप्पा निघाल्या की राईस मिल, तणीस, कोंडा, प्लॉट आणि घरबांधणी यांचीच चर्चा होते. गाढवाचे नाव कोणी काढत नाही आणि काढले तर शिवी म्हणून. मात्र ज्या कुटुंबाची चूल चार गाढवांच्या पाठीवर पेटते, त्याच्या दृष्टीने ते जनावर म्हणजे भांडवल आहे. ट्रॅक्टरवाल्याला बँक दारात उभे करते, टेम्पोवाल्याला विमा मिळतो. गाढववाल्याला मात्र कोणी धंदेवाईक म्हणायलाही तयार नाही. आमची तक्रार इथूनच सुरू होते.

आकडे बोलके आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांच्या आसपास आली, म्हणजे सात वर्षांत सुमारे ६१ टक्के घट. महाराष्ट्रात हीच संख्या सुमारे २९ हजारांवरून १८ हजारांवर आली. ट्रॅक्टर-टेम्पो आले हे एक कारण. दुसरे कारण दूरचे आहे. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून ‘एजियाओ’ नावाचे औषध बनते आणि त्या मागणीपायी जगभर गाढवांची चोरी व कत्तल वाढली. आफ्रिकी संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यासाठी होणाऱ्या कत्तलीवर बंदीचा निर्णय घेतला. गाढवाचे मोल दूरदेशीच्या कातडे व्यापाऱ्याला कळले, आपल्याला कळले नाही!

मोल कळत नाही याचे कारण आपण हिशेब मांडत नाही. पौष पौर्णिमेला जेजुरीला आणि रंगपंचमीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातील मढीला गाढवांचा बाजार भरतो. तिथे दात पाहून वय ठरते आणि वयावर भाव ठरतो. घेताना इतका चोखंदळ असणारा माणूस घरी आणल्यावर त्याच जनावराला उकिरड्यावर सोडून देतो. समजा, २० हजारांना घेतलेले गाढव चार वर्षांत निकामी झाले, तर त्याची झीज वर्षाला ५ हजार पडली. तेच नीट ठेवून बारा वर्षे चालले, तर ही झीज १,७०० रुपयांच्याही आत येते. चांगली निगा राखलेले गाढव पंचवीस-तीस वर्षे जगते. तेव्हा निगा हा दयेचा विषय आहेच, पण आधी तो नफ्या-तोट्याचा विषय आहे.

आता ओझ्याचे पाहू. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. त्यांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलोंपेक्षा जास्त भार घालता येत नाही. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपता येत नाही. एक वीट तीन किलोंची धरली तर एका खेपेला सोळा विटा झाल्या. प्रत्यक्षात किती भरल्या जातात, हे वाचकांनी स्वतः मोजून पाहावे. गोंदियात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३७ च्या वर असतो आणि वीटभट्टीचा व बांधकामाचा जोरही तेव्हाच असतो. गाढववाला हौसेने जास्त भरत नाही. ठेकेदार खेपेवर किंवा हजार विटांवर मजुरी देतो, म्हणून तो भरतो. तेव्हा दंडाची पावती गाढववाल्याच्या हाती देऊन प्रश्न सुटणार नाही. दर ठरवणाऱ्यालाही जबाबदार धरले पाहिजे.

दुसरी गोष्ट हवेची. गाढव मूळचे कोरड्या मुलखातले. त्याच्या केसांतून पाणी निथळत नाही, ते आत मुरते. आपला जिल्हा धानाचा, पावसाचा आणि चिखलाचा. पावसाळ्यात उघड्यावर बांधलेले गाढव आजारी पडते, चिखलात उभे राहून त्याचे खूर कुजतात. चार बांबू, वर पत्रा, खाली कोरडी तणीस, एवढा आडोसा पुरेसा आहे. खूर दर दीड-दोन महिन्यांनी साळले पाहिजेत. खोगिराखाली जाड, मऊ, कोरडी गादी असावी आणि पाठीवर जखम दिसताच ओझे थांबवावे. नाकपुड्या चिरल्याने गाढवाला दम चांगला धरता येतो ही समजूत खोटी आहे. त्याने जखमेखेरीज काही मिळत नाही.

चाऱ्याच्या बाबतीत आमच्या भागातल्या लोकांना एक खास इशारा द्यावासा वाटतो. मिलचा कोंडा जवळ मिळतो, म्हणून पोटभर कोंडाच घालण्याचा मोह होतो. पण कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. तो सतत खाल्ल्याने हाडे ठिसूळ होतात आणि तोंडाची हाडे सुजतात. गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग होई, म्हणून इंग्रजीत त्याला गिरणीवाल्याचा रोगच म्हणत. कोंडा मूठभर द्यावा, पोट सुक्या गवताने भरावे आणि स्वच्छ पाणी दिवसातून तीन-चार वेळा दाखवावे. गाढव घाण पाण्याला तोंड लावत नाही, तहानलेले राहते आणि मग पोटशूळ उठतो.

गाढव दुखणे लपवते. बैल बसतो, म्हैस ओरडते, गाढव मात्र मान खाली घालून उभे राहते आणि मालकाला वाटते, ते स्वस्थ आहे. धनुर्वाताची लस द्यावी, कारण या जातीला तो चटकन होतो. माश्यांमुळे पसरणारा सर्रा पावसाळ्यात व त्यानंतर बळावतो. नाकातून घट्ट स्राव आणि अंगावर गाठी दिसल्या तर डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. ही सेवा गाय-म्हशीपुरतीच आहे असे समजू नये.

अलीकडे गाढविणीच्या दुधाचा बोलबाला आहे. गुजरातच्या हालारी गाढविणीच्या दुधाला लिटरमागे हजारो रुपये मिळतात, अशा बातम्या २०२० पासून येत आहेत. पण दूध दिवसाला जेमतेम लिटरभर, तेही शिंगरू सांभाळून काढायचे आणि गाभणकाळ सुमारे बारा महिन्यांचा. २०२४ मध्ये कर्नाटक व तामिळनाडूत दूध परत विकत घेऊ असे सांगून महागड्या गाढविणी विकण्यात आल्या आणि गुंतवणूकदार शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी केल्या. ग्राहक आधी, जनावर नंतर, हा साधा नियम विसरू नये.

सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात गाढवाचा समावेश करून ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान देऊ केले. निर्णय चांगला आहे. पण चार गाढवांवर रोजी कमावणारा माणूस प्रकल्प अहवाल कुठून आणणार? ही योजना बड्यांच्या हाती जाऊ नये असे वाटत असेल, तर गाढववाल्यांनी बचत गट करून एकत्र अर्ज केला पाहिजे आणि पशुसंवर्धन खात्याने त्यांना कागदपत्रांत मदत केली पाहिजे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. कुडवा-गोंदिया परिसरात पावसाळ्याआधी एकदा व नंतर एकदा खूर-तपासणी आणि लसीकरणाचे शिबिर व्हावे. ठेकेदार व भट्टीमालकांनी कामाच्या जागी पाणी आणि सावली द्यावी आणि मजुरीचा दर ५० किलोंची खेप धरून ठरवावा. घर बांधणाऱ्यानेही हजार विटांमागे चार पैसे जास्त द्यायला कुरकुर करू नये. मुक्या जनावराच्या पाठीवरच्या जखमेतून वाचवलेल्या पैशात बरकत नसते आणि तो पैसा हिशेबातही टिकत नाही.