माठ वाजवून घेतो, मग चिमटा का नाही?

आठवडी बाजारात माठ घेणारी बाई तो आधी बोटाने वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर माठ घरी येतो. बद आला तर, बाहेरून तो कितीही गुळगुळीत असो, तेथेच ठेवला जातो. बैल घेणारा शेतकरी दात मोजतो, खूर पाहतो, जनावराला चार पावले चालवून पाहतो. पारखण्याची ही विद्या आपल्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. परंतु वस्तू नवी आली की जुनी पारख थिटी पडते. याचा प्रत्यय नुकताच ताडकळस येथे आला.

येथील एका विद्यार्थ्याने पुण्याहून एक जुनी माउंटन बाइक विकत आणली. सायकल देखणी, वजनाला हलकी आणि नव्या किमतीच्या निम्म्याहून कमी दरात मिळालेली. पुढचे चाक ज्यात बसते तो चिमटा पोलादाचा नव्हता, कार्बन तंतूंचा होता. हँडल किंचित हलते म्हणून तो गावातील दुरुस्तीच्या दुकानात गेला. कारागिराने हँडल उतरवून चिमटा बाहेर काढला, तेव्हा त्याच्या उभ्या नळीवर, हँडलच्या पकडीखाली झाकलेली, केसासारखी बारीक चीर दिसली. "सर, लोखंड असतं तर आधी वाकलं असतं, आपल्याला कळलं असतं. हे काही सांगतच नाही," असे तो मला म्हणाला. उतारावर ती नळी तुटली असती तर हँडल हातात राहिले असते आणि चाकावर कसलाही ताबा उरला नसता. मुलगा वाचला तो हँडल हलत होते म्हणून. एरवी तो दुकानात गेलाच नसता.

कार्बन हा कच्चा पदार्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. बोइंग ७८७ या विमानाच्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग अशाच तंतुमिश्रित पदार्थांचा असतो आणि त्यातून आपण निर्धास्त प्रवास करतो. फरक आहे तो तपासणीचा. विमानाला कोठे काय लागले याची नोंद होते. शंका आल्यास ध्वनिलहरींनी आतील थर पाहिले जातात. जुन्या सायकलीची मात्र कोणतीच नोंद नसते. राळेत बसविलेल्या तंतूंचे थर एकमेकांवर चिकटवून हा चिमटा तयार होतो. पडल्याने वा दगडावर आपटल्याने हे थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. पोलाद बहुधा वाकून इशारा देते. कार्बन पुष्कळदा तुटेपर्यंत काही सांगत नाही.

अडाण्याचा नव्हे, माहितीचा प्रश्न

हा एका मुलाच्या भोळेपणाचा प्रश्न नाही. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. त्यानंतर आपल्याकडील तरुणांत चांगल्या सायकलीची ओढ वाढली असेल, तर ते स्वागतार्हच आहे. पण नव्या सायकलीची किंमत शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घराला झेपणारी नसते. साहजिकच महानगरात वापरून झालेली सायकल जिल्ह्याच्या गावी येते. सायकल येते, तिचा इतिहास मात्र मागेच राहतो.

अर्थशास्त्राला ही परिस्थिती परिचित आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : विकणाऱ्याला वस्तूचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सर्वच वस्तूंना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या वस्तूचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब माल उरत जातो. भारतातील गृहिणीला बाजारच्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले खडे वेचावे लागतात, याचाही उल्लेख त्यांनी त्याच निबंधात केला आहे. तांदळातला खडा फार तर दाताखाली येतो. चिमट्यातला खडा जिवावर बेततो.

कायदाही येथे तोकडा पडतो. १९३० च्या माल विक्री अधिनियमातील सोळाव्या कलमाचे मूळ तत्त्व, घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, हेच आहे. व्यापाऱ्याकडून वर्णनानुसार घेतलेला माल विक्रीयोग्य असला पाहिजे, हा त्याला अपवाद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही व्यापाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. परंतु स्वतःची सायकल विकून मोकळा होणारा खाजगी माणूस व्यापारी ठरत नाही. शिवाय नुकसानभरपाई ही अपघातानंतरची गोष्ट होय. तुटलेला हात ती पूर्ववत करीत नाही.

पारख कशी करावी?

मग करावे काय? पहिली गोष्ट अशी की, चिमटा फ्रेममधून पूर्ण बाहेर काढून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. वरून दिसणारे पाय पाहून भागत नाही. सर्वाधिक ताण येतो तो हँडलच्या पकडीखाली आणि नळी जेथे चिमट्याच्या माथ्याला मिळते तेथे. आणि हे दोन्ही भाग झाकलेले असतात. चिमटा धुऊन, पुसून, सूर्यप्रकाशात फिरवून पाहावा. वरच्या लाखेचा ओरखडा आणि तंतूंपर्यंत गेलेली चीर यांत भेद आहे. कापसाचा बोळा फिरवल्यास तुटलेल्या तंतूंत तो अडकतो. अंगठ्याने दाबून कोठे मऊ लागते का, ते पाहावे. ब्रेक बसतो तो भाग आणि चाकाचा आस धरणारी टोके तपासावीत. एखाद्याच ठिकाणी नवा रंग दिसला तर तो कशासाठी लावला, हे विचारावे.

त्यानंतर नाण्याने हलके वाजवीत जावे. माठाप्रमाणेच येथेही चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो आणि थर सुटलेल्या जागी बद येतो. मात्र भिंतीची जाडी जागोजागी वेगळी असल्याने आवाज थोडा बदलतोच. म्हणून दोन्ही पायांची समान ठिकाणे ताडून पाहावीत. आवाज बद आला तर चिमटा नाकारावा. पण आवाज चांगला आला म्हणून तो निर्दोष ठरला, असे समजू नये.

बसविणाऱ्याचा हातही येथे महत्त्वाचा आहे. धातूच्या नळीत दात असलेली चकती ठोकून बसवतात. कार्बनच्या नळीत ती ठोकली तर आतील थर फाटतात. तेथे आतून फुगून घट्ट होणारी खुंटीच हवी. स्क्रू किती आवळावा तो आकडा, बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास, पकडीवर छापलेला असतो आणि त्यासाठी जोर मोजणारा पाना लागतो. खुद्द कंपन्यांच्याही चुका होतात. २०२१ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीने शर्यतीच्या सायकली परत मागविल्या, कारण हँडलखालच्या एका कड्यामुळे कार्बन नळीला तडा जाण्याचा संभव होता. अशी सूचना पहिल्या मालकाला मिळते, दुसऱ्याला मिळेलच असे नाही. म्हणून फ्रेमचा क्रमांक कंपनीला कळवून चौकशी करणे अगत्याचे आहे.

एवढे करूनही शंका उरली, तर नवा धातूचा चिमटा बसवावा. वजन थोडे वाढेल, आणि त्याचा खर्च सौदा करतानाच किमतीतून वजा मागावा. तपासणीचा खर्च हा वस्तूच्या किमतीचाच भाग आहे. तो न धरता जी सायकल स्वस्त वाटते ती स्वस्त नसते. तिच्या किमतीचा काही हिस्सा पुढे ढकललेला असतो, इतकेच.

सर्वच भार घेणाऱ्यावर टाकणेही न्यायाचे होणार नाही. सायकल कधी पडली होती काय, चिमटा बदलला होता काय, हे विकणाऱ्याने दोन ओळींत लिहून सही करून द्यावे. प्रामाणिक माणसाला यात अडचण नाही. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गावोगावच्या सायकल कारागिरांसाठी या नव्या पदार्थाचे दोन-चार दिवसांचे वर्ग घ्यावेत आणि जोर मोजणारा पाना त्यांच्या हाती द्यावा. ताडकळसच्या त्या कारागिराने असे कोणतेही शिक्षण घेतलेले नव्हते. तरी त्याने हँडल आवळून मुलाला परत पाठवले नाही, चिमटा उतरवून पाहिला. त्या तासाभराच्या कामाची मजुरी त्याने मागितली नाही. ती त्याला मिळाली पाहिजे, आणि तपासणीची मजुरी देण्याची सवय आपण ग्राहकांनी लावून घेतली पाहिजे.