आरोग्य-चिंतन : श्वासाचा भार कोण वाहतो?

घरातील वडीलधारी व्यक्ती अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असली, की बाहेर बसलेल्यांचा एकच प्रश्न असतो : "यंत्र कधी निघणार?" अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा बीडचे खासगी रुग्णालय, केज-धारूर-परळीहून आलेल्या कुटुंबांना उत्तर मिळते ते बहुधा "पाहू या" एवढेच. वाचकहो, डॉक्टर नेमके काय पाहत असतात?

छाती व पोट यांमधील श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू. त्याचे सारे काम यंत्राने अंगावर घेतले, की तो झपाट्याने क्षीण होतो. मेंदूमृत अवयवदात्यांविषयी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १८ ते ६९ तासांच्या निष्क्रियतेनंतर या स्नायूच्या तंतूंचा छेद निम्म्याहून कमी झालेला आढळला. उलट मदत फार लवकर कमी केली, तर अशक्त स्नायू थकतो. म्हणून रुग्ण स्वतः किती जोर लावतो, हे मोजावे लागते.

सर्वांत सोपा हिशेब यांग आणि टोबिन यांनी १९९१ साली मांडला. मिनिटाला होणाऱ्या श्वासांना एका श्वासातील हवेच्या लिटरने भागावे. २४ श्वास आणि ४०० मिलिलिटर हवा, म्हणजे ६०. ३५ श्वास आणि २५० मिलिलिटर, म्हणजे १४०. १०५ च्या वर आकडा गेला, तर यंत्र काढणे बहुधा फसते. मात्र हा आकडा श्वासाची गती आणि खोली सांगतो, त्यामागचे कष्ट सांगत नाही. त्यासाठी श्वास सुरू होताच सेकंदाचा दहावा भाग हवेची वाट बंद ठेवून रुग्णाची ओढ मोजतात; अनेक व्हेंटिलेटरांतच ही सोय असते. सोनोग्राफीने श्वासपटल आकुंचन पावताना किती जाड होते, तेही दिसते. अन्ननलिकेत फुगा घालून दाब मोजणे अधिक अचूक, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी.

शेवटी रुग्णाला ३० मिनिटे ते दोन तास जवळजवळ स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतात. ही चाचणी फसली, तर स्नायूंना विसावा देऊन सहसा दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घेतात. त्या दिवशी नातलगांनी धीर सोडून रुग्णालय बदलण्याची घाई करणे मला तरी अनाठायी वाटते. "आज चाचणी घेतली का, किती वेळ टिकली, कशामुळे थांबवली?" असे विचारावे, उत्तर "पाहू या"पेक्षा निश्चितच अधिक मिळेल.