वनवाटा खुल्या असाव्यात, मोकाट नसाव्यात

मुंबई आणि ठाणे या दोन महानगरांच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र व्यापून असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे एक नवलच म्हणावे लागेल. तिन्ही बाजूंनी लोकवस्तीचा वेढा आणि आत बिबळ्यांचा वावर, अशी स्थिती जगातील फारच थोड्या महानगरांच्या वाट्याला आली आहे. या वनात पायी हिंडण्याची इच्छा असणाऱ्यांची संख्या अलीकडच्या काळात झपाट्याने वाढली आहे. शिलोंड्याची ओढ्याकाठची वाट, कान्हेरीच्या माथ्यावरची वाट, वसईच्या खाडीपलीकडील नागला खंडातील वाट ही नावे पूर्वी मोजक्या निसर्गप्रेमींनाच ठाऊक होती. आज ती महाविद्यालयीन तरुणांच्याही तोंडी आहेत. साहजिकच या वाटा सर्वांसाठी खुल्या कराव्यात की बंदच ठेवाव्यात, असा वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. मात्र हा वाद ज्या पद्धतीने घातला जातो, त्यात मूळ प्रश्नच निसटून जातो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. परंतु ही परवानगी कोणकोणत्या कारणांसाठी देता येते, याची जी यादी याच कायद्यात आहे, तीत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण आणि शास्त्रीय संशोधन यांच्या जोडीने पर्यटनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे सामान्य नागरिकाने रानात पाऊलच टाकू नये, अशी कायद्याची भूमिका नाही. त्याने ते विचारून, नोंद करून आणि मर्यादेत टाकावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रश्न परवानगीच्या तत्त्वाचा नसून ती कोणत्या धोरणाने दिली जाते याचा आहे.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येण्याजोगे नाही. गर्दी म्हणजे प्लास्टिक, गोंगाट आणि आडवाटांनी घुसणारे हौशी, हा अनुभव सह्याद्रीतील किल्ल्यांनी पुरेपूर घेतला आहे. शिवाय हे रान बिबळ्यांचे आहे. कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत उद्यान व लगतच्या परिसरात २०१५ साली ३५ बिबळे आढळले आणि २०१८ साली ही संख्या ४७ वर गेली. २००४ च्या उन्हाळ्यात बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले, त्याची आठवण उद्यानालगतच्या वस्त्यांमधून अजून पुसली गेलेली नाही. पुढे वनखाते, संशोधक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन २०११ पासून जनजागृतीची जी मोहीम चालवली, तिने एक गोष्ट पटवून दिली. बिबळ्या पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही. कचऱ्याचे ढीग, त्यावर पोसली जाणारी भटकी कुत्री आणि त्यांच्या मागावर येणारा बिबळ्या ही साखळी तोडावी लागते. अशा वनात पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर वाटा खुल्या ठेवणे हे माणसाच्याही हिताचे नाही आणि जनावराच्याही नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा आहे. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव या उद्यानाच्या कुशीत आहेत. १८६० मध्ये विहार पूर्ण झाला आणि मुंबईला प्रथमच नळाचे पाणी मिळाले. त्यापाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी तयार झाला. आज मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकत्रित साठवण क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. त्यात विहारचा वाटा २७,६९८ आणि तुळशीचा ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम अडीच टक्के. काठोकाठ भरलेले हे दोन तलाव सबंध शहराची तहान नऊ-दहा दिवसही भागवू शकणार नाहीत. मग त्यांचे एवढे महत्त्व कशासाठी? उरलेले पाच तलाव ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांत, शहरापासून दूर आहेत. आपल्याच हद्दीत, आपल्याच रानाने गाळून दिलेले पिण्याचे पाणी मुंबईला केवळ येथेच मिळते. या तलावांचे काठ सहलींसाठी खुले नाहीत, ते योग्यच आहे आणि त्यात बदल होता कामा नये.

हे सारे मान्य करूनही सरसकट बंदीचा मार्ग चुकीचा ठरतो, याचे कारण या उद्यानाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. या वनाचे जे लचके तोडले गेले, ते पायी हिंडणाऱ्यांनी तोडलेले नाहीत. अतिक्रमणांचा प्रश्न इतका चिघळला, की मुंबई उच्च न्यायालयाला १९९७ मध्ये ती हटवण्याचे आदेश द्यावे लागले आणि तेही एका पर्यावरणवादी संस्थेने दाद मागितल्यावर. उद्यानाभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित होण्यास २०१६ चा डिसेंबर उजाडला. तोवर उंच इमारती कुंपणाला येऊन भिडल्या होत्या. शेजारच्या आरे वसाहतीत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रात्रीतून तोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा तेथे धावून गेलेल्यांमध्ये पाड्यांवरील आदिवासी होते, तसेच तो परिसर पायाखालून घातलेले तरुणही होते. पुढच्याच वर्षी आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. ज्याने रान पाहिले आहे, तोच त्यासाठी उभा राहतो, हा यातील धडा आहे.

आज तर उद्यानाच्या पोटातून दोन मोठे बोगदा प्रकल्प जात आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे प्रत्येकी ४.७ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवली मार्गाचे सुमारे १०.२५ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे, या दोन्ही कामांचा शुभारंभ जुलै २०२४ मध्ये झाला. वाहतुकीच्या दृष्टीने त्यांची गरज नाकारता येणार नाही. रान कापून रस्ता नेण्यापेक्षा भुयारातून नेणे केव्हाही बरे, हेही खरे. परंतु बोगद्याच्या तोंडाशी होणारे काम, निघणारा राडारोडा आणि भूजलावरील परिणाम यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. ती नजर केवळ कागदोपत्री अहवालांची असून भागणार नाही. कोणता ओढा पूर्वी मार्गशीर्षापर्यंत वाहत असे आणि यंदा दिवाळीतच का आटला, हे सांगणारी माणसे हवीत. अशी माणसे वाटा तुडवूनच घडतात.

या ओढ्यांचा शहराशी असलेला संबंध आपण विसरतो. दहिसर आणि पोईसर या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारे पाणी मिठीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या नद्यांची गटारे करून टाकल्याची किंमत शहराने मोजली. दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या भिक्षूंनी कातळात पाट आणि टाकी खोदून याच डोंगरावरचा पाऊस अडवला. तेथील शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि त्या दान करणाऱ्यांची नावे अभिमानाने कोरली आहेत. डोंगर आणि पाणी यांचे नाते त्या काळच्या माणसांना उमगले होते. आजच्या शाळकरी मुलाला ते पुस्तकातून नव्हे, त्या वाटेवर चालूनच उमगेल.

तेव्हा वाटा खुल्या असाव्यात, परंतु मोकाट नसाव्यात. यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. ठरावीक वाटा आखून द्याव्यात, प्रत्येक वाटेवर दिवसाला किती माणसे सोडायची हे वनखात्याने अभ्यासाअंती ठरवावे आणि तो आकडा जाहीर करावा. परवानगीची पद्धत एकच आणि पारदर्शक असावी, ओळखीपाळखीला तेथे वाव नसावा. तलावांचे काठ आणि वन्यप्राण्यांच्या विणीच्या जागा पूर्णपणे वगळाव्यात. ऐन पावसाळ्यात ओढ्यांच्या वाटा निःसंकोच बंद कराव्यात. प्रत्येक गटाबरोबर वाटाड्या सक्तीचा असावा आणि हा वाटाड्या पाड्यांवरचा असावा. वारली, महादेव कोळी, कातकरी समाजातील ज्या कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या या रानात वाघोबाला नारळ वाहिला, त्यांना अतिक्रमकांच्याच रांगेत उभे करण्याऐवजी त्यांच्या ज्ञानाला मोबदला देणे न्यायाचे आहे आणि व्यवहाराचेही. झाडे-पाखरे दाखवीत शिस्तीने फिरवण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गोरेगाव येथील केंद्राने करून दाखवले आहे. म्हणजे नमुना शोधायला परदेशी जाण्याचीही आवश्यकता नाही.

नियमांचा काच सर्वांना सारखाच हवा, हेही ओघाने आले. येऊरच्या बाजूला रात्रीचा गोंगाट आणि दिव्यांचा झगमगाट यांविषयी ठाणेकर कित्येक वर्षे तक्रारी करीत आहेत. रविवारी सकाळी पाठीवर पिशवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला फाटकावर अडवायचे आणि शनिवारच्या मध्यरात्री रानाच्या उंबऱ्यावर चाललेल्या धिंगाण्याकडे काणाडोळा करायचा, याला संवर्धन म्हणत नाहीत. रानाला धोका कोणापासून आहे याचा हिशेब एकदा नीट मांडला, तर पायवाटेवरचा माणूस त्या यादीत बराच खाली सापडेल. त्याला शिस्त लावून रानाचा पहारेकरी करून घ्यायचे की कुंपणाबाहेर ठेवून बेफिकीर करायचे, याचा निर्णय वनखात्याने आणि राज्य सरकारने बोगद्यांची कामे पूर्ण होण्याआधीच घेतलेला बरा.