दोष रीडचा नाही

क्लॅरिनेटवाले चार जण जमले की गप्पा कशावर? माउथपीस, रीड, आणि रीड आवळायचं लिगेचर. मीही त्यातलाच. खराब रीड छळते, हे मान्य. पण १९५३ साली टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्करने चक्क प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. तोही रीडचाच, क्लॅरिनेटचा भाऊबंद. ऐकताना प्लॅस्टिक आठवतं का कुणाला?

परवा मी नवं लिगेचर मिरवत क्लासला गेलो. सर म्हणाले, "आधी एक सूर वीस सेकंद धरून दाखव." बाराव्या सेकंदाला सूर डळमळला. लिगेचर जागेवर होतं, दम माझाच संपला. खरेदीला दम लागत नाही, म्हणून तर तिलाच आपण रियाज समजतो.

असो. आज खरेदी बंद. एक सूर, वीस सेकंद.