झेंडा कधी चढला, ते आधी लिहा

अमेरिकेतल्या कॉन्फेडरेट झेंड्यावर वादनिबंध लिहिणारे हटकून १८६१ पासून सुरुवात करतात. समोरचा म्हणतो, ‘माझे पणजोबा त्याखाली लढले’, आणि वाद तिथेच बसतो. लढले असतील! पण युद्ध १८६५ मध्ये संपले. जॉर्जियाने ते चिन्ह राज्याच्या झेंड्यात घातले १९५६ साली. शाळांतली वर्णविभागणी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून दोनच वर्षे झाली होती. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर तो चढला १९६१ मध्ये. त्याच वर्षी त्याच राज्यात, रॉक हिलला, गोऱ्यांच्या काउंटरवर बसले म्हणून काळ्या विद्यार्थ्यांना सक्तमजुरी झाली. निमित्त युद्धाच्या शताब्दीचे. शताब्दी सरली, झेंडा राहिला. आवारातून तो हलला २०१५ मध्ये, तोही चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ खून पडल्यावर.

कोडमध्ये गडबड दिसली की आम्ही आधी बघतो, ही ओळ कुणी आणि कधी घातली. निबंधाचा आराखडाही तिथूनच काढा.

‘लढाई राज्यांच्या हक्कांची होती’ ही दुसरी बाजू द्यायची असेल, तर जरूर द्या. फक्त तिच्या शेजारी कॉन्फेडरेट उपराष्ट्राध्यक्ष स्टीफन्स यांचे मार्च १८६१ चे सव्हानातले भाषण ठेवा. नव्या सरकारचा पाया वंशभेद आणि गुलामगिरी आहे, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे.