लाइन आली का?
"लाइन आली का रे भाऊ?" खामगावकडच्या शेतात रात्री ही हाक ऐकू आली, तर ती विजेबद्दल असते. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, अंगावर घोंगडी घेऊन माणूस स्टार्टरच्या पेटीपाशी बसलेला असतो; लाइन आली की हिरवं बटण दाबायचं, तार तुटली तर लाइनमनला फोन. त्याच माणसाला सकाळी शेगावात महाराजांच्या दर्शनाची लाइन लागते आणि पोराला नोकरी मिळाली की तो 'लाइनीला लागला' म्हणतो. जलंब-खामगाव ही रेल्वेची लाइन १८७० ची, कापसासाठी टाकलेली. बुलढाणा शहर जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे अजून रेल्वेची लाइन नाही, ही खंत खरीच. मला मात्र या शब्दाचं मूळ फार भावतं. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. त्याच्या धाग्याची दोरी ती 'लिनिया', तिचीच पुढे लाइन झाली. जवस, निळ्या फुलाचं, आपल्या वऱ्हाडातलं! लाइनीची वाट पाहत बसलेल्या त्या माणसाच्या डब्यात भाकरीवर त्याचीच चटणी असते, हे त्याला एकदा सांगायचं आहे.