'खाउजा'चा अभ्यास आणि गाळलेले प्रकरण

आज कोणत्याही विद्यापीठात जा, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या एम.ए.ला 'जागतिकीकरण' हे प्रकरण असतेच. सामाजिक परिणाम, राजकीय परिणाम, सांस्कृतिक परिणाम. परवा एक विद्यार्थी त्याच्या नोट्स घेऊन माझ्याकडे आला. त्यात पिझ्झा होता, केबल टीव्ही होता, राष्ट्र-राज्याचा संकोच होता. आरक्षण हा शब्द शोधूनही सापडला नाही!

वकील म्हणून मी त्याला संविधानाचे कलम १२ उघडायला लावले. सरकारी कंपनी या कलमाच्या अर्थाने 'राज्य' ठरते, म्हणून तिथे बिंदुनामावली चालते. कंपनी विकली की ती 'राज्य' राहत नाही आणि कलम १६(४) दाराबाहेरच थांबते. त्यासाठी आरक्षणाविरुद्ध एक ओळही लिहावी लागत नाही. २००१ साली बाल्कोचे ५१ टक्के भाग स्टरलाइटला विकले गेले. कलम १४ आणि १६ चे संरक्षण जाईल, हे म्हणणे घेऊन कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा प्रश्न आहे, असे सांगून न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात विक्री वैध ठरवली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा तर कोणी फारसे बोललेही नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद संविधानातच असावी, असा आग्रह धरला होता. तो का धरला होता, हे या प्रकरणात नाही तर कुठे शिकवणार?

खाउजाने आपले सगळे वाटोळेच केले, असे मी म्हणणार नाही. वस्तीतली काही पोरे संगणक शिकून हिंजवडीला आणि तिथून अमेरिकेला गेली. पण त्यांच्या विमानात जातही बसली होती. सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदबंदीचा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. २००१ च्या दरबान परिषदेत दलित संघटनांनी हाच प्रश्न जगापुढे मांडला, तेव्हा भारत सरकारने जात हा आमचा अंतर्गत मामला असल्याचे सांगितले. १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेत बसताना शेतमाल आणि औषधे मात्र अंतर्गत मामला राहिली नव्हती. सांस्कृतिक परिणाम म्हणतात तो हा, पिझ्झा नव्हे.

"परीक्षेत हे लिहू का?" त्याने विचारले. मी म्हटले, परीक्षेत नोट्समधलेच लिही, गुण हवेत. प्रबंधाला मात्र विकलेली एक कंपनी घे. विक्रीपूर्वी किती राखीव पदे भरलेली होती आणि नंतर त्यांचे काय झाले, ते माहितीच्या अधिकारात माग. कंपनी उत्तर देणार नाही, कारण खाजगी झाल्यावर तो कायदाही तिला थेट लागू होत नाही. जुने खाते कदाचित देईल.

जाताना त्याने सहज सांगितले, हे प्रकरण शिकवणारे त्याचे सर नेट उत्तीर्ण आहेत. नऊ वर्षे तासिका तत्त्वावर आहेत. मे महिन्यात त्यांना पगार नसतो.